दोघींचं कुलूप

आमच्या बाईंना लोक वेडी म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागं. कर्जत स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला त्यांचं घर विचारलं की तो आधी हसायचा. मग म्हणायचा, "पळसदरीच्या धरणाकडची? ती दार न उघडणारी? चला, सोडतो. पण आत घेईल याची गॅरंटी नाय माजी." सुरुवातीला मला लाज वाटायची. नंतर नंतर मी त्या रिक्षावाल्यांशी भांडायला लागले. आजही कोणी माझ्यासमोर बाईंचा विषय काढून डोक्याशी बोट फिरवलं तर मी ऐकून घेत नाही. होत्या वेड्या. तसल्या आणखी दोन-चार असत्या तर या तालुक्यातल्या बऱ्याच शहाण्यांची पंचाईत झाली असती.

दाराची गोष्ट मात्र खरी आहे. आपल्याकडं दार वाजलं, आतून "कोण?" असं आलं की आपण काय म्हणतो? "मी." आणि गंमत म्हणजे तेवढ्यावर दार उघडतं. आवाज ओळखीचा असतो, विषय संपला. बाईंकडं ते चालायचं नाही. सख्खा भाऊ आला तरी आतून "मी कोण?" असं यायचं. तो बिचारा नेरळहून नारळाची पिशवी घेऊन यायचा आणि पायरीवर उभा राहून स्वतःचं नाव, आईचं नाव आणि लहानपणी बहिणीचं काय चोरून खाल्लं होतं ते सांगायचा. सगळी आळी ऐकायची. आत गेल्यावर दोघं तासभर हसायची, ते आळीला दिसायचं नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा शिळफाट्याला एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करत होते. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाला होता, नोकरी नव्हती, आणि घरी लग्नाची बोलणी सुरू झाली होती. बाईंनी आदल्या दिवशी फोनवर "ये" म्हटलं होतं. मी ऐन उन्हात दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"नोकरीसाठी आलेय."

"नोकरीसाठी अख्खा खालापूर तालुका येईल. तू कोण?"

मी नाव सांगितलं.

"तुझं नाव तर मलापण घेता येतं. तूच कशावरून?"

मग म्हटलं, "काल फोनवर तुम्ही मधेच कुकर बंद करायला उठलात. परत येऊन म्हणालात, तुझ्यापायी डाळ करपली."

मग खिडकीची एक फळी उघडली आणि आवाज आला, "हां. आता काय दाखवतेस?" मी गजांतून मार्कशीट आत सरकवली. "ही झेरॉक्स हाय," त्या म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. ऊन, घाम, पोटात भूक. "मग काय करू? झेरॉक्सच्याच दुकानात आहे मी! विश्वास नसेल तर जाते, पण हाक मारून बोलावलंत कशाला?" असं मी चांगलं ओरडून म्हणाले.

कडी निघाली. दारात ठेंगण्या, सावळ्या, नऊवारी नाही की पंजाबी ड्रेस नाही, पुरुषी सदरा आणि खाली साडी अशा अवतारात बाई उभ्या. "भांडलीस. बरं केलंस," त्या म्हणाल्या. "जो भांडत नाय त्याला मी कामावर घेत नाय. आत ये, डाळ आज नाय करपलेली."

त्या घराच्या पडवीत आमचं ऑफिस होतं. मोजकी टेबलं, खुर्च्या, कोपऱ्यात भाताच्या पेंढ्यावर निजणारं मांजर. आणि काम एकच: लॉगिन. बाकीचं अॅप, वेबसाइट, कुणीही बनवो. पुण्याच्या, ठाण्याच्या कंपन्या आख्खं घर बांधायच्या आणि दार आमच्याकडं करायला द्यायच्या. बाई म्हणायच्या, "भिंती कुणीपण घालाव्यात. उंबरा माजा."

त्या आधी मुंबईत मोठ्या ऑफिसात बरीच वर्षं होत्या. ते सोडायचं कारण त्या कधी लपवायच्या नाहीत. तिथं कोणी रजेवर निघालं की साहेब पासवर्ड मागून घ्यायचा, काम अडायला नको म्हणून. सगळे द्यायचे. बाईंनी दिला नाही. साहेब म्हणाला, "तुमचा माझ्यावर विश्वास नाही?" बाई म्हणाल्या, "साहेब, मी रजेवर जाताना माझी सहीपण तुमच्याकडं ठेवून जाऊ का?" त्यावर बरंच रामायण झालं, आणि बाई रजेवर गेल्या त्या परत गेल्याच नाहीत. हे सांगताना त्यांच्या आवाजात कुठं पश्चात्ताप असायचा म्हणाल, तर नावाला नाही.

काम शिकवायची पद्धतही त्यांचीच. "माणूस तीन गोष्टींनी ओळखायचा," त्या म्हणायच्या. "त्याला काय ठाऊक हाय, त्याच्याकडं काय हाय, आणि तो स्वतः काय हाय. पासवर्ड ठाऊक असतो. मोबाईल हातात असतो. अंगठा अंगाचा असतो. यातलं एक कोणीपण चोरील. दोन एकदम चोरायची म्हटली की चोराला घाम फुटतो." मला दारात उभं करून त्यांनी तेच केलं होतं. कुकर मला ठाऊक होता, मार्कशीट हातात होती. भांडण बहुतेक अंगाचं धरलं असावं.

चुकीचा पासवर्ड टाकल्यावर जी पाटी येते, त्या पाटीवर त्यांनी आम्हाला एक आख्खा आठवडा घासलं होतं. "अवैध" हा शब्द कुणी लिहिला की त्या कीबोर्ड काढून घ्यायच्या. "अवैध म्हणजे काय? ती बाई काय दारू गाळते का? तिचं बोट चुकलं, एवढंच झालं." शेवटी पाटी ठरली: 'जमलं नाही. परत बघा.' नाव चुकलं की पासवर्ड चुकला ते मात्र त्या सांगू द्यायच्या नाहीत. चोराला तेवढंच पुरतं म्हणायच्या. "चोराला मदत नको, आपल्या माणसाचा अपमान नको. या दोहोंच्या मधून जी वाट जाते ती काढायचे पैसे घेतो आपण."

आणि पिठाची परीक्षा! एकदा पुण्याचा एक डिझायनर आला होता. मोठा हुशार, इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉपवर सुंदर चित्रं. ओटीपी आला की इतक्या सेकंदांत टाकायचा, नाहीतर परत पहिल्यापासून, असं त्यानं ठरवून आणलं होतं. बाईंनी त्याला सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि तांदळाच्या भाकरीची उकड मळायला बसवलं. गरम उकड. पोरगा हात झटकत मळतोय, तेवढ्यात बाईंनी त्याच्याच मोबाईलवर ओटीपी पाठवला. तो उठला, हात कशाला पुसावेत बघत राहिला, शेवटी त्याच इस्त्रीच्या शर्टाला पुसले. तोवर वेळ संपला.

"पण मॅडम, असं लॉगिन कोण करतं?" तो वैतागून म्हणाला.

"तुजी आई," बाई म्हणाल्या.

त्यानं वेळ वाढवून दिला. जाताना दोन भाकऱ्याही खाऊन गेला आणि पुढं कितीतरी वर्षं त्याच्या कंपनीचं काम आमच्याकडंच येत राहिलं.

आता चेअरमनसाहेबांकडं येते. त्यांचं नाव घेत नाही. भीती म्हणून नव्हे. बाईंनीच शिकवलंय की नाव नुसतं घेऊन काही सिद्ध होत नाही.

डोंगराच्या पायथ्याच्या गावांतल्या बायांची एक उत्पादक कंपनी होती. तांदूळ, वाल, काकडी, पावसाळी भाज्या, असा माल. शेतघरवाले आणि रिसॉर्टवाले वेबसाइटवर मागणी टाकणार, आणि जिच्याकडं माल आहे तिनं आपल्या खात्यात शिरून 'देते' किंवा 'नाही देत' हे बटण दाबायचं. 'नाही देत' हे बटणच मुळात नवीन होतं. तोवर टेंपो दारात यायचा आणि जे असेल ते भरून न्यायचा. ते बटण खरंच त्या बाईचंच बोट दाबतंय ना, एवढं बघणं आमचं काम. त्या कंपनीचे हे चेअरमन. खालापुरात मोठं ऑफिस, भिंतीवर हारतुऱ्यांचे फोटो.

चेअरमन म्हणाले, "सोपं आहे. मोबाईल नंबर, ओटीपी, झालं."

बाई म्हणाल्या, "आधी गाव बघते."

गावात गेलो तर बांधावरच्या एका आंब्याला कापडी पिशव्या लटकत होत्या. पिशव्यांत मोबाईल. गावात रेंज कुठंच नाही, त्या झाडाखालीच काय ती. ज्याचा मोबाईल घरी असेल तो सकाळी पिशवीत घालून फांदीला अडकवायचा. वाजला की जवळ जो असेल तो बघायचा आणि गावाकडं तोंड करून ओरडायचा, "सुमनचा ओटीपी आलाय गंऽऽ!" आणि पुढं आख्खा नंबर. शेताशेतांत ऐकू जाईल असा. मी हसून हसून बांधावर बसले. बाई हसल्या नाहीत. पदर खोचून झाडाकडं बघत राहिल्या.

पण त्या पिशव्यांतही बायांचे मोबाईल थोडेच होते. बहुतेक घरांत एकच मोबाईल, आणि तो नवऱ्याबरोबर खोपोलीच्या कारखान्यात. ओटीपी यायचा तो त्याच्या खिशात. हिराकाकी म्हणून एक बाई तिथं होत्या, पन्नाशीच्या, आवाज घोगरा. त्यांनी बाईंना सरळ विचारलं, "म्हणजे बटण माजं आन् किल्ली ह्यांच्या खिशात, असंच ना?"

"असंच," बाई म्हणाल्या.

"मंग आमाला काय फरक पडला?"

खालापूरच्या ऑफिसात परतलो तर चेअरमनकडं याचं उत्तर तयार होतं. सगळ्या बायांचे ओटीपी आपल्या मोबाईलवर यावेत. "बाया मला फोन करतील, मी टाकून देईन. आणि एक मास्टर पासवर्ड करून ठेवा. कधी अडलं-नडलं तर मी कुठल्याही खात्यात जाऊ शकलो पाहिजे." हे त्यांनी इतक्या प्रेमानं सांगितलं की मला ते पटलंसुद्धा. बाईंनी माझ्या पायावर टेबलाखालून पाय दिला.

मग बाईंनी चित्रांची युक्ती काढली. नंबर नको, ओटीपी नको. पडद्यावर चित्रं येणार: कोंबडा, विळा, घागर, चूल, टोपली, बैल. प्रत्येकीनं आपल्याला हवी ती, हव्या त्या क्रमानं निवडायची आणि कोणाला सांगायची नाहीत. मग मोबाईल कुणाचाही असो. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांनाही जमेल. आम्ही ते झाडाखाली बसून एकेकीला शिकवलं. बाई प्रत्येक वेळी मला पाठ फिरवायला लावायच्या. बाया खुदुखुदू हसायच्या, पण झटक्यात शिकल्या. परत येताना बाई रिक्षात गाणं गुणगुणत होत्या. ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

चेअरमनना दाखवायचा दिवस आला. ते गावात गाडी घेऊन आले, खुर्ची मांडली, चहा झाला. हिराकाकींचं खातं उघडून दाखवायचं ठरलं होतं आणि नेमक्या त्या रानात गेलेल्या. बाई म्हणाल्या, थांबू. तर सुमन पुढं झाली. हिराकाकींच्या शेजारची, तरणी, तुरुतुरु चालणारी. "थांबताय कशाला? ती कामात हाय, मी उगडते की." आणि तिनं कोंबडा, विळा, घागर, चूल अशी बोटं मारली. हिराकाकींचं खातं उघडलं.

बाईंचा चेहरा मी आजपर्यंत विसरले नाही.

"तुला तिची चित्रं कशी ठाऊक?"

"सगळ्यांची तीच हायत," सुमन म्हणाली. बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. आख्ख्या गावानं मिळून एकच गुपित ठरवलं होतं. कोंबडा, विळा, घागर, चूल.

"अगं, पण मी सांगितलं होतं ना, कोणाला सांगायचं नाय म्हणून?"

सुमनला तो प्रश्नच कळेना. "बाई, लावणीला एका खाचरात वाकतो आमी. आज हिच्या शेतावर, उद्या माज्या. माजं बाळंतपण हिनं केलंय. आता हिच्यापासनं कोंबडा लपवू? ती काय म्हणंल, हिचा माज्यावर इश्वास नाय?"

चेअरमन खुर्चीत मागं रेलून मनसोक्त हसले. "बघा बाई. मी म्हणत नव्हतो? यांना नाही जमायचं हे. भोळी माणसं आहेत. पुढच्या मीटिंगमध्ये आपण माझ्या मोबाईलचं फायनल करून टाकू."

बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. म्हणजे अक्षरशः नाही. दार वाजलं तरी "कोण?" नाही. मांजराला दूध घालायच्या आणि पडवीत येरझारा. मला वाटलं, हरल्या. म्हटलं, चला, मोठमोठ्यांना हरवणाऱ्या आमच्या बाईंना एका कोंबड्यानं हरवलं.

खालापूरच्या ऑफिसात मीटिंग होती. कमिटीतले सगळे हजर, बायांतर्फे हिराकाकी आणि सुमन. चेअरमननी चित्रांचा किस्सा रंगवून सांगितला. लोक हसले. हिराकाकी खाली मान घालून बसल्या होत्या. आपल्याकडून काय चुकलं ते त्यांना कळत नव्हतं, पण काहीतरी चुकलंय एवढं समोरचे सगळे सांगत होते. आणि मग बाई उठल्या.

"चूक त्यांची नाय झाली, माजी झाली," बाई म्हणाल्या. राग आला की त्या मुंबईची भाषा सोडून द्यायच्या. "मी त्यांना एकमेकींपासून लपवायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाय, बरं केलं. पण साहेब, तुमी एवढे हसताय, तर एक सांगा. कोंबडा, विळा, घागर, चूल हे तुमाला सुमननं त्या दिवशी दाखवायच्या आधी ठाऊक होतं का?"

"मला कसं असणार?"

"का नसणार? आख्ख्या गावाला ठाऊक होतं. बायांना, म्हाताऱ्यांना. त्यांनी किल्ली वाटली, साहेब. सगळ्यांना वाटली. तुमाला नाय दिली. भोळी माणसं म्हणताय? ह्यांच्याएवढं नीट कुलूप मी इतकी वर्षं केलं नाय."

हिराकाकींनी मान वर केली. चेअरमनचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त त्यात आता काही नव्हतं.

बाईंनी नवीन कुलूप मांडलं. चित्रं बदलायची, पण गावाचं गुपित एकच असू दे. ते गावाला ठाऊक. त्याच्या जोडीला प्रत्येकीला एक लहान कार्ड, त्यावर तो चौकोनी ठिपक्यांचा कोड. खातं उघडायचं तर दोन कार्डं दाखवायची: आपलं आणि आपल्या जोडीणीचं. एकटी कोणी उघडणार नाही. ना ती, ना नवरा, ना चेअरमन. कार्ड हरवलं तर दोन जोडीणींनी येऊन सांगायचं, ही आमची हिरा आहे, हिला नवीन द्या. लावणीला वाकतात तशाच दोघींनी झाडाखाली यायचं आणि बटण दाबायचं.

"आणि मास्टर पासवर्ड?" चेअरमन म्हणाले.

"तो मी करत नाय."

"मी या संस्थेचा चेअरमन आहे."

"मग तुमी पण एक जोडीण शोधा," बाई म्हणाल्या.

झालं. काम गेलं. कमिटी चेअरमनचीच होती, हात वर झाले, आणि पनवेलच्या कुठल्याशा पोरांनी चार दिवसांत साहेबांना हवं तसं करून दिलं. सगळे ओटीपी साहेबांच्या मोबाईलवर. मी बाईंना म्हटलं, "जरा नमतं घेतलं असतंत तर?" बाई म्हणाल्या, "तू घे. तुझी पाठ अजून लवते." आणि आमचं कुलूप त्यांनी पुरं करायला घेतलं. कोणी मागितलेलं नव्हतं. कुणासाठी करताय विचारलं तर "गिऱ्हाईक येईल" एवढंच.

भात कापणीचे दिवस होते. हिराकाकी शेतावर होत्या. त्यांच्या घरी मडक्यांत राख लावून ठेवलेलं वालाचं बियाणं होतं. भात निघालं की त्याच ओल्या जमिनीत पेरायचं. सासूच्या सासूपासून चालत आलेलं वाण, टपोरा दाणा. घरात काय काय आहे असं अॅपनं विचारलं तेव्हा त्यांनी इमानदारीत तेही सांगितलं होतं, आणि हे विकायचं नाही असंही. धरणाकडच्या एका रिसॉर्टला बिरड्यासाठी वाल हवे होते. साहेबांनी हिराकाकींच्या खात्यात शिरून 'देते' दाबलं. टेंपो दारात आला. घरी नवरा होता, सुट्टीवर. टेंपोवाल्यानं मोबाईल दाखवला: "तुमच्या घरच्यांनीच मंजूर केलंय की." नवऱ्यानं मडकी रिकामी करून दिली.

हिराकाकी संध्याकाळी घरी आल्या आणि रिकाम्या मडक्यात हात घालून बसल्या. त्या रडल्या नाहीत म्हणे. एवढंच म्हणाल्या, "माजं बियाणं शिजवून खाल्लं त्यांनी. आन् माज्याच नावानं."

हे मला नंतर कळलं. मला आठवते ती पुढची दुपार. दार वाजलं. बाहेर पुष्कळ पावलांचा आवाज. बाई खुर्चीतूनच ओरडल्या, "कोण?"

मी वाट बघत होते, आता "मी" येणार आणि पुढचा तमाशा होणार. पण बाहेरून घोगरा आवाज आला, "ही सुमन हाय."

मग सुमनचा, "ही हिराकाकी हाय." मग तिसरा कुणाचा, "ही आमची पारू." पारूनं पुढचीचं नाव सांगितलं. एकेक करून आख्खी पायरी बोलली. स्वतःचं नाव कोणीच घेतलं नाही. प्रत्येकीनं शेजारणीचं सांगितलं. त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं. मीटिंगमध्ये ऐकलं तेवढंच.

बाई उठल्या. पुढचा एकही प्रश्न न विचारता त्यांनी कडी काढली. आणि दाराला धरून त्या बाईमाणसांसमोर रडल्या. मी लिहितेय ते खरं आहे, मी तिथं होते.

"साहेबांच्या मोबाईलवर आमचा माल नको," हिराकाकी म्हणाल्या. "ते दोघींचं कुलूप झालंय का?"

"कधीच झालंय," बाई म्हणाल्या. "वाट बघत होतं."

पुढं फार काही झालं नाही. बायांनी टेंपोत माल घालायचं बंद केलं. आमचं कुलूप लागेपर्यंत एक शेंग मिळायची नाही, एवढंच सांगितलं. कमिटीतल्याच लोकांच्या बायका त्यात होत्या, त्यामुळं कमिटीचे हात खाली आले. हिराकाकींचे वालही पेरले गेले. त्या दरवर्षी शेजारणींना बियाणं वाटायच्या. आता प्रत्येकीनं ओंजळभर आणून त्यांच्या मडक्यात घातलं. त्यांचंच होतं.

बाई गेल्या त्याला आता काही महिने झाले. आजार मोठा होता, पण त्या डॉक्टरलाही "कोण?" विचारत राहिल्या शेवटपर्यंत. ऑफिस माझ्या नावावर केलं. पण यंत्रणेत काही बदल करायला जी मूळ किल्ली लागते, ती मला एकटीला दिली नाही. तिचे दोन भाग केले. एक माझ्याकडं, एक हिराकाकींकडं. कळलं तेव्हा मला लागलं, खोटं का बोलू? इतकी वर्षं काम केलं आणि अर्धीच किल्ली? मग हिराकाकींच्या ओटीवर बसून पहिल्यांदा आम्ही दोघींनी मिळून ती यंत्रणा उघडली, आणि मला कळलं की बाईंनी मला त्या गावात घेतलंय. तेव्हापासून काही बदल करायचा असला की मी त्या आंब्याखाली जाते. त्या बायांसारखं माझ्या कमरेला पण आता किल्ल्यांच्या जुडग्यात ते ठिपक्यांचं कार्ड असतं.

गेल्या आठवड्यात चेअरमनसाहेब ऑफिसात आले. केस पांढरे झालेत, गोडवा तसाच. दार वाजवलं, "मी" म्हणाले, मी त्यांना चांगलं ताटकळत ठेवून आत घेतलं. चहा दिला. साहेब म्हणाले, बाई जरा हट्टी होत्या, चालायचंच, पण तुम्ही नव्या पिढीच्या, समजूतदार. एक मास्टर किल्ली करून द्या, कुणाला सांगायची गरज नाही.

मी म्हटलं, "साहेब, द्यायची म्हटली तरी माझ्याकडं अर्धीच आहे. उरलेली हिराकाकींकडं. गाव तुम्हाला माहीत आहे. दार वाजवा, त्या 'कोण?' म्हणतील."

साहेबांनी कप खाली ठेवला. "मी एकटाच जाऊ?"

"नाही, एकटे नका जाऊ," मी म्हटलं. "तुम्ही कोण ते सांगायला त्या गावातली एक बाई बरोबर न्या."

अजून गेलेले नाहीत.